पांढरी टोपी, कपाळाला बुक्का

(नगर, १९९९. एका इंटरनेट सेंटरमधला कोपऱ्यातला कॉम्प्युटर. भर दुपार. जयमाला पडद्यासमोर बसलेली. रंगुबाई नुकतीच मागं येऊन उभी राहिलेली.)

रंगुबाई: ती खुर्ची अलीकडं ओढ, जयमाला, आन् माझ्याजवळ बस. एक गोष्ट सांगते. तेवढी ऐक, मग उद्या कुठं जायचं तिकडं जा.

जयमाला: मावशी, ही काय गोष्ट ऐकायची जागा आहे? आणि तू इथवर आलीस कशी?

रंगुबाई: चालत. पलंगाखाली पिशवी भरून ठेवलेली दिसली. ती निळी नवी साडी, पावडरचा डबा, आन् कागदावर एष्टीच्या येळा. राजूरच्या. राजूरला आपलं कोन हाय?

जयमाला: आपलं नाही. माझं आहे.

रंगुबाई: बरं, तुझं. नाव?

जयमाला: सहादेव.

रंगुबाई: आडनाव?

जयमाला: अजून सांगितलं नाही.

रंगुबाई: गाव?

जयमाला: नाशिककडचा आहे. इंजिनियर आहे.

रंगुबाई: नाशिककडं लई गावं हायेत. तोंड तरी बघितलंस का त्याचं?

जयमाला: फोटो पाठवणार आहे. स्कॅन करायला वेळ मिळाला नाही त्याला.

रंगुबाई: म्हंजे आडनाव न्हाई, गाव न्हाई, तोंड न्हाई. देवाला निर्गुन म्हनतात ते मला समजतं. मानूस बी निर्गुन असतो हे आज कळलं.

जयमाला: तुला हे समजायचं नाही. चार महिने आम्ही रोज बोलतोय.

रंगुबाई: ह्या डब्यातून?

जयमाला: डबा नाही, कॉम्प्युटर. टेलिफोनच्या वायरीतून जातं सगळं. मी इथं टाइप करते, त्याला तिकडं दिसतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

रंगुबाई: आन् तू कोन हायेस, ते त्याला दिसतं का?

जयमाला: पहिल्याच दिवशी सांगितलं मी. लपवाछपवी नाही केली. सरळ लिहिलं, मी मुलगा म्हणून जन्मले, बाई म्हणून जगते, नगरला लग्नपत्रिकांच्या छापखान्यात काम करते. तो म्हणाला, काही हरकत नाही, मला तुमच्यासारख्याच आवडतात.

रंगुबाई: तुमच्यासारख्याच. तू न्हाई, तुझ्यासारख्या. पेरूच्या गाडीपुढं गिऱ्हाईक असंच बोलतं, मला गुलाबी गराचेच आवडतात. पुढं काय इचारलं?

जयमाला: काही नाही.

रंगुबाई: जयमाला.

जयमाला: अंगाबद्दल विचारलं. काय केलंय, काय नाही केलंय.

रंगुबाई: कितव्या दिवशी?

जयमाला: त्याच दिवशी.

रंगुबाई: घरात कोन कोन हाय, आईची आठवन येती का, पायाला लागलं हुतं ते बरं झालं का, असलं काय इचारायच्या आधी. आपल्याकडं म्हैस घ्यायला आलेला मानूस बी आधी पानी पितो, मग दावनीकडं बघतो.

जयमाला: तू नुसती कुचकट बोलतेस.

रंगुबाई: बोलते. आज काय लिहिलंय त्यानं? मला वाचून दाव. न्हाई तर मी त्या गल्ल्यावरच्या पोरीला बोलावते वाचायला.

जयमाला: नको. वाचते मी. ‘उद्या सकाळची पहिली गाडी धर. राजूरला उतर. स्टँडवर थांबू नकोस, पुढं चालत ये, मी गाडी घेऊन उभा असेन. भंडारदऱ्याला मित्राचा बंगला आहे. एकटी ये. कोणाला सांगू नकोस. साडेचारपर्यंत कळव.’

रंगुबाई: किती वाजले?

जयमाला: पावणेचार.

रंगुबाई: मग पाऊन तास हाय माझ्याकडं. बुवांना पूर्वरंगालाच तेवढा लागतो. मी थोडक्यात आटपते.

जयमाला: मावशी, तो वाईट माणूस नाही. घाबरतो तो. घर आहे, नोकरी आहे. आपल्याशी कोणी उघड बोललं की लोक त्याला जगू देतात का?

रंगुबाई: घाबरू दे की. घाबरन्यात पाप न्हाई. पर भीती त्याची, आन् एकटं जायचं तू? कोनाला सांगायचं न्हाई तू? स्टँडवर चार मानसं असतात तिथं थांबायचं सुद्धा न्हाई तू? त्याच्या भीतीचं सगळं सामान त्यानं तुझ्या डोक्यावर दिलंय, आन् सोता गाडीत बसलाय.

जयमाला: झाली का गोष्ट?

रंगुबाई: ही गोष्ट न्हवं, ही चीड हुती. गोष्ट लंकाबाईची. तू तिला बघितलं न्हाईस, तू यायच्या आधी ती आपलं घर सोडून गेल्ती. तुझी थोरली गुरुबहीण. उंच, सावळी, बोलनं हळू. शिवनकाम करायची. सप्त्याच्या आधी तर तिला मान वर करायला सवड नसायची, चार गावच्या टाळकऱ्यांच्या टोप्या तीच शिवायची. पांढऱ्या, दोन घड्यांच्या. ही टोपी ध्यानात ठेव, ह्या टोपीनंच आमचं डोकं फिरवलं.

जयमाला: कधीची गोष्ट?

रंगुबाई: ब्यान्नव सालची. तवा तुझा हा डबा न्हवता. तवा मासिकं हुती, आन् मासिकात शेवटच्या पानावर पत्रमैत्री. नाव, पत्ता, आवडनिवड. लंकानं आपलं नाव दिलं. आवड काय लिहिली, तर कीर्तन आन् शिलाई.

जयमाला: आणि पत्रं आली?

रंगुबाई: कीर्तन बघूनच निम्मे पळाले असतील. तरी सात-आठ आली. त्यातला एक टिकला. उत्तमराव. कुठल्याशा कारखान्यात कारकून हुता. अक्षर असं की मोत्याची लड. तिसऱ्या पत्रात लंकानं खरं काय ते लिहून टाकलं. आता बोल, त्यानं काय उत्तर दिलं असंल?

जयमाला: मला तुमच्यासारख्याच आवडतात.

रंगुबाई: शब्दाला शब्द. मधी सात वर्सं गेली, वायरी आल्या, डबे आले, ह्या लोकांचं वाक्य तेच. मग त्याची पत्रं आठवड्याला दोन यायला लागली. हिच्या गावची विहीर, त्याच्या गावची विहीर, हिचा आवडता अभंग, त्याला ठाऊक बी नसलेला अभंग. आन् मग लिहिलं, कोपरगावला एक लॉज हाय, मागच्या दारानं ये.

जयमाला: ती गेली?

रंगुबाई: मी जाऊ दिली न्हाई. मी म्हनले, लंके, त्याला सांग, पुनतांब्याला सप्त्याची समाप्ती हाय. भर दुपारी काल्याचं कीर्तन. हजार मानूस असतंय. तिथं ये म्हनावं, रामकृष्णहरी कर, दोन शब्द बोल, माझ्या मावशीसमोर एक घास काला खा. मग बघू लॉज आन् बिज.

जयमाला: आणि तो तयार झाला?

रंगुबाई: लगोलग. येतो म्हनाला. वळखायचं कसं, ते तेवढं ठरवायचं ऱ्हायलं. आता ह्यात माझी चूक हाय, ती मी आधीच सांगते. वळखीची खून मी सुचवली. मी म्हनले, लिही त्याला, पांढरी टोपी घाल, कपाळाला बुक्का लाव, गळ्यात माळ असू दे. आन् कीर्तन सुटल्यावर माझ्या पाया पड, म्हंजे मी वळखीन.

जयमाला: मावशी. काल्याच्या कीर्तनाला?

रंगुबाई: हस. हस तू.

जयमाला: तिथं पांढरी टोपी आणि बुक्का नसलेला एक माणूस दाखव मला. आणि कीर्तन सुटल्यावर सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात.

रंगुबाई: आमच्या ध्यानातच आलं न्हाई. कसं येनार? जलम कीर्तनात गेलेला. चांगला मानूस डोळ्यांपुढं आनला की तो असाच दिसायचा, टोपी, बुक्का, माळ. आमी दोघींनी मिळून एका मानसाची खून काढली आन् ती अख्ख्या तालुक्याची निघाली.

जयमाला: मग?

रंगुबाई: मग काय. आमी बायकांच्या कडेला भोंग्याखाली बसलो. कडेला म्हंजे कसं, आमच्याभवती हातभर जागा मोकळी. बाकी बाया एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या, पर आमची हातभर जागा कोन घेत न्हवतं. बुवा गोपाळांच्या शिदोऱ्यांचं सांगत हुते. कुनाच्या घरची भाकर, कुनाच्या घरचं ताक, देवानं सगळं एका ठिकानी कालवलं आन् कुनी कुनाचं उष्टं बघितलं न्हाई. मी डोळे मिटून ऐकत हुते. लंकाचं ध्यान कुठं हुतं? ती टोप्या बघत हुती.

जयमाला: तिनंच शिवलेल्या.

रंगुबाई: निम्म्या तिच्याच हातच्या. हंडी फुटली, गजर झाला, आन् सुरू झालं पाया पडनं. एक वाकला, लंकानं त्याला उचलून इचारलं, तुमी उत्तमराव का? न्हाई. दुसरा वाकला. तुमी का? न्हाई. एक जन तर गावचा पोलीस पाटील निघाला, तो बिचारा घाबरून दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात एक म्हातारा पडला तो उठंचना. मला वाटलं हाच. त्याच्या गुडघ्यात कळ आल्ती.

जयमाला: बास, मावशी. पोट दुखायला लागलं.

रंगुबाई: मग गर्दी पांगली. काला वाटनारी पोरं आमच्या कोपऱ्यापर्यंत आलीच न्हाईत, अलीकडूनच वळली. ते तर नेहमीचंच. तर एक मानूस, पन्नाशीचा, दोन द्रोन घेऊन आला. लंकाच्या पाया पडला. माझ्या पडला. म्हनला, बाई, तुमाला काला मिळाला न्हाई असं दिसतं, हा घ्या. आन् गेला न्हाई. उभा ऱ्हायला. लंकाला वाटलं, हाच उत्तमराव.

जयमाला: होता का?

रंगुबाई: न्हवता. तो भिमाजी. पुनतांब्याचाच. पेरूची बाग, बायको वारून आठ वर्सं झालेली. पर लंकाला काय ठाऊक? लिंबाखाली बसून तिनं बोलायला सुरुवात केली. पत्रातलं. तुमी विहिरीचं लिहिलं हुतं ना, तवा मला माझ्या गावची आठवली. मला लहानपनी आईनं फ्रॉक घातला हुता एकदा, ते मी तुमालाच पयल्यांदा लिहिलं. अर्धा तास. तो मान हालवत बसला. मी मेली तिथंच, मला बी वाटलं, किती शांत मानूस हाय.

जयमाला: आणि त्यानं सांगितलं नाही?

रंगुबाई: सांगितलं. तिनं दम घेतला तवा हात जोडले. काय म्हनला ते मला पाठ हाय. म्हनला, “बाई, मी पत्र लिहिलेलं न्हाई. मला धड सही येती, पत्र येत न्हाई. तुमी दुसऱ्याला सांगायचं मला सांगत हुता, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. ऐकलं त्याची माफी करा. ते माझ्याजवळच ऱ्हाईल.”

जयमाला: एवढंच?

रंगुबाई: लंकाचं तोंड पांढरं पडलं. अनोळखी मानसाफुडं सगळं उघडं केलेलं. मग चिडून म्हनली, आता कळलं ना मी कोन हाय ते, उठा आन् जा. तो म्हनला, ते मला काला देतानाच दिसलं हुतं. मग उठला, टोपी नीट केली, आन् इचारलं. इचारलं बरं का, जयमाला. म्हनला, “पुढच्या एकादशीला तुमी कीर्तनाला येनार असाल, तर मी तुमच्याशी बोललेलं चालंल का? न्हाई म्हनला तर मी लांबूनच रामकृष्णहरी करीन, वाईट वाटून घेनार न्हाई.”

जयमाला: आणि उत्तमराव?

रंगुबाई: आल्ता म्हनं. आठ दिवसांनी पत्र आलं. मोत्याचं अक्षर. मी लिंबूपान्याच्या गाडीशी उभा हुतो, तुला बघितलं, पर एवढ्या लोकांत कसा येनार, माझा मेव्हना सप्त्याच्या कमिटीत हाय. आता गुरवारी लॉजवर ये. येताना तोंडावरून पदर घे. ह्या मानसाला हजार लोकांत देवाच्या पाया पडता येत हुतं, लोकांच्या पडता येत हुतं, लंकाच्या तेवढं जमलं न्हाई. आन् तिच्या अंगाचं कौतुक करायला मातुर चार-चार पानं.

जयमाला: तिनं काय लिहिलं त्याला?

रंगुबाई: पोस्टकार्ड. दोनच वाक्यं. मी येणार नाही. पुन्हा पत्र पाठवू नये. मी म्हनले, अगं झोड त्याला चांगला, त्याच्या मेव्हन्याला एक कार्ड टाक. ती म्हनली, मावशी, तो जे माझं झाकून ठेवायला बघतो ते त्याचं मी उघडं करू का? नको. लंका माझ्याहून बरी हुती. मी असते तर मेव्हन्याला कळवलं असतं आन् वर कमिटीला बी.

जयमाला: म्हणजे तुझ्या परीक्षेत उत्तमराव नापास झाला.

रंगुबाई: सपशेल.

जयमाला: पण भिमाजी तर परीक्षेला बसलाच नव्हता. तो तुमच्या चुकीतून सापडला. आता मी काय करू? रोज एखाद्या चुकीच्या माणसाला जाऊन आईच्या फ्रॉकची गोष्ट सांगू?

रंगुबाई: आता बोलतेस तू. हे खरं हाय. चांगला मानूस कुठं भेटंल हे मला सांगता येत न्हाई. मी फुलं विकते, भविष्य न्हाई. पर वाईट जागा कुठली, ते मला सांगता येतं.

जयमाला: भंडारदरा काय वाईट जागा आहे? लोक सहलीला जातात.

रंगुबाई: सहलीला जातात ते घरी सांगून जातात.

जयमाला: मावशी, मघाशी राजूरचं नाव काढताना तुझा आवाज बदलला होता. मी ऐकलं. का?

रंगुबाई: काय न्हाई.

जयमाला: तू मला ‘जयमाला’ म्हणालीस ना मघाशी, तसं मी आता म्हणते. मावशी.

रंगुबाई: गेल्ते मी. अठ्ठ्याहत्तर साली. तुझ्या एवढी हुते. मला बी एकानं सांगितलं हुतं, एकटी ये, स्टँडवर थांबू नको. त्याचं बी घर हुतं, तो बी घाबरायचा. तिथं गेल्यावर कळलं, घाबरत न्हवता. आन् एकटा बी न्हवता. पुढचं मी तुला सांगत न्हाई, लंकाला बी सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी राजूरचा बाजार हुता. मी बाजारात अनवानी उभी हुते. एका भाजीवालीनं माझ्या पायांकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं, आन् आपल्या पायातल्या चपला काढून दिल्या. इचारलं काय न्हाई. बास. हे झालं माझं राजूर.

जयमाला: मला आधी का नाही सांगितलंस?

रंगुबाई: कारन मी कोनाला सांगितलं न्हाई म्हनूनच ते झालं. कुठं चालले, कुनासंगं, कवा येनार, एका जिवाला ठाऊक न्हवतं. आन् झाल्यावर बी तीच सवय ऱ्हायली. न सांगायची.

जयमाला: चार वाजून वीस मिनिटं झाली.

रंगुबाई: तुझं तू ठरव. मी दार अडवून बसनार न्हाई. पर जानार असशील तर मी बी येनार. पुढच्या शिटावर बसते. बोलनार न्हाई.

जयमाला: तू आणि बोलणार नाहीस.

रंगुबाई: जप करीन, मोठ्यानं.

जयमाला: थांब. लिहिते त्याला. ‘उद्या येणार नाही. या रविवारी दुपारी ये, नगरला. आमच्या गल्लीतल्या देवळात कीर्तन आहे. आधी तिथं भेटू, लोकांत. माझी मावशी सोबत असेल. तुझं पूर्ण नाव आणि गाव कळव. तुझी भीती मला समजते, मी कोणाला काही सांगणार नाही, तू कीर्तनाला आलेला एक माणूस एवढंच.’ चालेल?

रंगुबाई: शेवटचं वाक्य लई गोड झालं.

जयमाला: राहू दे. त्याला खरंच भीती असेल तर उपयोगी पडेल. पाठवलं.

रंगुबाई: आता?

जयमाला: आता तिकडं दिसेल. हे बघ, तो लिहितोय.

रंगुबाई: काय म्हनतो?

जयमाला: ‘मावशी कोण? तू कोणाला सांगितलंस?’

रंगुबाई: आपली चौकशी पयली. पुढं?

जयमाला: ‘कीर्तनात? वेडी झालीस का?’ मी लिहिते, वेडी नाही, दिवसा भेटते.

रंगुबाई: आलं का काय?

जयमाला: आलं.

रंगुबाई: वाच.

जयमाला: नको.

रंगुबाई: वाच, पोरी. एकटीनं नको वाचूस.

जयमाला: ‘तुझ्यासारखीला कोण देवळात भेटायला येईल? मी विचारतोय हेच खूप समज.’

रंगुबाई: हात दे इकडं.

जयमाला: आणि नाव गेलं. इथं यादीत त्याचं नाव दिसायचं, हिरवं. गेलं.

रंगुबाई: कुठं गेलं?

जयमाला: बंद केलं त्यानं. निघून गेला.

रंगुबाई: चार महिन्यांचा इंजिनियर एका कीर्तनाच्या आमंत्रनावर उडाला. मी तर अजून बुवांचं नाव बी सांगितलं न्हवतं.

जयमाला: तू खूश झालीस ना?

रंगुबाई: न्हाई.

जयमाला: झालीस. तुला पहिल्यापासून माहीत होतं, तू येताना हसतच आली होतीस. मावशी, चार महिने रोज कोणीतरी मला विचारत होतं, जेवलीस का. छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांची लग्नं जुळवते, चि. सौ. कां. आणि चि., फुलं, गणपती, आणि संध्याकाळी इथं येऊन कोणीतरी विचारायचं, जेवलीस का. त्याचं आडनाव नसेल. पण तो विचारायचा.

रंगुबाई: इचारायचा. ते खोटं न्हवतं म्हन. घरी मी रोज जेवायला वाढते, पर जेवलीस का म्हनून कधी इचारलं न्हाई. पुढ्यात ताट दिसतंय तर काय इचारायचं, असं वाटायचं. ते वेगळं असतं, न्हाई का?

जयमाला: हो. वेगळं असतं.

रंगुबाई: मग हा डबा फोडायचा का?

जयमाला: नको. अजून वीस मिनिटं आहेत माझी. इथं प्रत्येकाला स्वतःबद्दल दोन ओळी लिहिता येतात, सगळ्यांना दिसतात त्या. माझ्या मी कोऱ्या ठेवल्या होत्या. आता लिहिते. ‘मी जयमाला. तृतीयपंथी स्त्री. बोलायला आवडेल. अंगाबद्दल विचारू नये, मला योग्य वाटलं तर मी सांगेन. भेटले तर दिवसा भेटेन, लोकांत भेटेन, घरी सांगून येईन.’

रंगुबाई: मावशीचं लिही.

जयमाला: ‘मावशी सोबत असेल.’

रंगुबाई: मावशी कडक हाय, ते बी लिही.

जयमाला: तेवढं वाचून कोणीही येणार नाही.

रंगुबाई: येनार असंल तो येतो. लंकाकडं भिमाजी सहा वर्सं आला. रस्त्यावरनं हाक मारल्याबिगर उंबऱ्यात पाय ठेवला न्हाई. भनीला, रतनबाईला, सोता जाऊन सांगितलं. ती दोन महिने बोलली न्हाई, तिसऱ्या महिन्यात तिनं लंकाला पापड लाटायला बोलावलं. आन् लाटल्यावर म्हनली, तुझा पापड जाड होतो. त्या दिवशी लंका जी रडली.

जयमाला: पापडाला नावं ठेवली म्हणून?

रंगुबाई: घरातल्या बाईसारखी ठेवली म्हनून.

जयमाला: आता कुठे असतात ती दोघं? मला बघायचंय त्या माणसाला.

रंगुबाई: लंका हाय पुनतांब्याला, बागेतल्या खोलीत. रतनबाईनं जाऊ दिली न्हाई. भिमाजी गेला, गेल्या पौषात. झोपेत. शेवटपर्यंत तिला अहो म्हनायचा. मी चेष्टा करायची, अहो काय, एवढ्या दिवसांची वळख. तर म्हनायचा, मावशी, पयल्या दिवशी तिची परवानगी घेतली हुती, ती कायमची घेतली असं कसं धरून चालू?

जयमाला: म्हणजे रोज नव्यानं विचारल्यासारखं.

रंगुबाई: त्याच्या फोटोला हार घालनारी घरची मानसं हायेत, त्याची काळजी न्हाई. पर तो लंकाशी कसा बोलायचा, हे आठवनाऱ्या आमी दोघीच, आन् दोघी म्हाताऱ्या. सांजच्याला हरिपाठाला बसलीस की एकदा भिमाजीची आठवन काढत जा. तू तिसरी हो.